आप्पांची कवळी

२ फेब्रुवारी

पुन्हा तेच. भाकरीचा पहिला घास आणि घासाबरोबर वरची कवळी ताटात. आप्पांनी हात मागे घेतला. स्वयंपाकाच्या धोंडुबाई दारातून बघत होत्या, त्यांनी पटकन पाठ फिरवली. मी नाही फिरवली. मी विचारलं, "पावडर लावली होती का?"

का विचारलं? लावली होती, मला माहीत होतं. चिकटवायच्या पावडरची डबी मीच उघडून दिली होती त्यांना.

भाकरी दुधात कुस्करून दिली. अर्धी ठेवली त्यांनी. आई असती तर ताट वाढतानाच कुस्करून वाढलं असतं, आणि बोलली नसती काही. मला न बोलता काहीच करता येत नाही.

४ फेब्रुवारी

हे कुठेतरी लिहिलं पाहिजे.

आईचं सुतक फिटलं त्या दिवशी घरातलं सगळं धुऊन काढलं. चादरी, गोधड्या, पाट, भांडी. न्हाणीघरातल्या फळीवर आप्पांच्या कवळीची स्टीलची वाटी होती. मी तिच्यात उकळतं पाणी ओतलं. कवळी आत असताना! धोंडुबाई म्हणाल्या, "आवं ताई, पिलाष्टिक न्हवं का ते?" मी म्हणाले, "काही होत नाही, दातच आहेत." एवढ्या खात्रीनं बोलायला मला त्यातलं काय कळत होतं? कॉलेजच्या ग्रंथालयात बसून दुसऱ्यांना हवं ते पुस्तक काढून देते, हे एवढं मात्र उघडून बघितलं नाही.

तेव्हापासून बसत नाही ती नीट. आप्पांना त्याच दिवशी सांगितलं होतं मी. म्हणाले, "पाण्यानं काय हुतंय."

पण खरंच त्या दिवसापासूनच का? सुतकात ते जेवत होते का नीट? आठवायला बसले तर आठवत नाही. त्या दिवसांत कुणाच्या ताटाकडे बघितलंच नाही मी. म्हणजे हीदेखील चूकच.

८ फेब्रुवारी

आप्पांना विश्रामबागेत डॉ. सुमैरांकडे नेलं. कॉलेजच्या रस्त्यावरच दवाखाना. मुलगी तरुण आहे, पण हात हलका. "काका, आ करा. अजून. शाब्बास!" आप्पा शाळकरी पोरासारखे आ करून.

कधीची कवळी, विचारलं तिनं. आप्पा गप्प, म्हणून मी सांगितलं. दहा वर्षं झाली असतील. अवधूत नुकताच साताऱ्याला नोकरीला लागला होता. आई-आप्पा त्याच्याकडे जाऊन राहिले, तिथल्या एका डॉक्टरांकडून दोघांनी वरचे दात काढून घेतले आणि दोघांनाही बरोबरच वरची कवळी बसली. आप्पा परत आले ते अख्ख्या गावभागात सांगत सुटले, "आमा नवरा-बायकोला एकदमच दात आलं!" आई मात्र तोंडावर पदर. तो पदर शेवटपर्यंत. ते डॉक्टर आता परदेशी, मुलाकडे.

डॉ. सुमैरांनी समजावून सांगितलं. दात काढले की खालचं हाड आटत जातं, हिरडी उतरत जाते, आणि कवळी मात्र होती तेवढीच राहते. म्हणून दोन-तीन वर्षांनी आतून अस्तर भरून घ्यायचं, पाच-सात वर्षांनी नवी करायची. आम्ही दहा वर्षांत एकदाही दाखवली नाही. कुणी सांगितलंच नाही! (की मी विचारलं नाही?)

मग तिनं कवळी हातात फिरवली, परत आप्पांच्या तोंडात बघितलं. म्हणाली, "गंमत आहे. आटल्यावर कवळी ढिली होते. ही ढिली नाही, अरुंद आहे. कडा हिरडीवरच चढतायत. आणि दातसुद्धा काकांच्या चेहऱ्याला लहान निवडलेत."

आप्पा म्हणाले, "त्यानं जे दिलं ते घातलं."

मी उकळत्या पाण्याचं सांगितलं. "हो... उकळत्या पाण्यानं आकार बिघडतो." किती हळू म्हणाली! रागावली असती तर बरं झालं असतं.

डाव्या बाजूला हिरडीवर पांढरी जखम आहे. जखम भरेपर्यंत कवळी काढून ठेवा म्हणाली, मग नव्याचं माप घेऊ. आप्पा खुर्चीतून उठलेच. "नवी नको. हीच असू दे."

रिक्षात मी विचारलं, का नको? बाहेर बघत होते.

९ फेब्रुवारी

काढत नाहीत कवळी. झोपतानाही नाही.

१३ फेब्रुवारी

वरण-भात. दुधातली भाकरी. केळं. पुन्हा वरण-भात. हळदीच्या सौद्यांत उभ्यानं भडंग खाणारा माणूस, मूठभर भडंग आणि वर एक मिरची, जन्मभर. आज भडंगाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. ठेवताना त्यांनी बघितलंच.

१८ फेब्रुवारी

हसू आलं आज. लिहून ठेवते, दुर्मीळ आहे.

सकाळी वाटीत कवळी पिवळीधमक! अंघोळीपुरती काढतात तेवढ्यात धोंडुबाईंनी पाण्यात हळद टाकली होती. "जखमंला बरं आसतंय. तेनला रोज लागतीया." भाव त्यांचा चांगलाच. पण सांगलीची हळद ती, सोडते कुठे! ब्रशनं घासून दमले, दातांच्या फटींतला पिवळा गेलाच नाही.

नेमके त्याच वेळी पीरमहंमदकाका आले. आप्पांचे हळदीच्या मार्केट यार्डातले जुने सोबती, एकाच पेढीच्या ओट्यावर दोघांचं आयुष्य गेलं. कवळी बघून बसलेच खाली. "आरं गड्या चिंतामण, दलाली सोडलीस पर हळद काय तुला सोडंना! आता तोंड उघडलंस की सौदा निघायचा." आप्पासुद्धा हसले. हसताना हात तोंडावर. आईसारखा.

मग काकांनी स्वतःची कवळी जिभेनं खाली-वर करून दाखवली. "ही बघ. तिसरी हाय माझी. सून वरडती, पर शेंगा खातो. तू नवी करून टाक की रं, लय मजा येती."

आप्पांचं हसू गेलं. "मला मजा नको," म्हणाले.

काका माझ्याकडे बघायला लागले. मी चहा ठेवायला उठले.

२३ फेब्रुवारी

साताऱ्याहून अवधूतचा फोन. "ताई, तू त्यांना ओरडतेस का? घाबरून जेवत नसतील." त्याला तिथून दिसतं सगळं! फोन ठेवल्यावर अर्धा तास मनातल्या मनात भांडले त्याच्याशी. मग वाटलं, ओरडतेच की मी.

२६ फेब्रुवारी

मामेबहिणीचा फोन. उशिरा कळलं म्हणाली. आणि तिलाही कुणीतरी तेच सांगितलेलं, "आत्या हसतमुख गेल्या म्हणे."

खरं आहे ते. एवढी एकच गोष्ट धरून बसले आहे मी डिसेंबरपासून.

त्या सकाळी आईला अंघोळ घातली, नेसवलं, कुंकू लावलं. पण तोंड आत गेलेलं, ओठ नाहीतच असे. कवळी आल्यापासून तिच्याशिवाय कुणाला तोंड दाखवलं नव्हतं आईनं. धोंडुबाई म्हणाल्या, "आसं पाटवू नगा वो मावशीस्नी. दात बसवा." चुलते म्हणाले, खोटी वस्तू चितेवर नको. तेवढ्यात आप्पा उठले. पहाटेपासून भिंतीला टेकून बसले होते, चष्मा नाही, स्वतःचंही तोंड बोळकं, स्वतःची कवळी घालायचंही भान नव्हतं त्यांना. उठून न्हाणीघरात गेले आणि फळीवरून आईची वाटी घेऊन आले. कुणाशी वाद नाही. धोंडुबाईंच्या हातात दिली फक्त.

बसेना. तोंड आखडलंय, म्हणाल्या धोंडुबाई. मी म्हणाले, "दाबा जरा."

आणि बसली. ओठ थोडे उघडे राहिले, दात दिसायला लागले, आणि आईचा चेहरा असा भरला! बायका म्हणाल्या, "बगा की, हासतीया." अवधूत रडता रडता थांबला. त्यानं मोबाइलवर फोटो घेतला. आईचा हसतानाचा दुसरा एकही फोटो नाही आमच्याकडे. सगळ्यांत पदर.

आप्पांनी तेव्हा जे केलं ते मला सुचलं नसतं. हे विसरते मी त्यांच्यावर चिडताना. विसरू नये.

१३ मार्च

होळी. आपल्याकडे यंदा सण नाही, म्हणून शेजारून पुरणपोळी आली. तुपात-दुधात भिजवून दिली. आप्पांनी सगळी खाल्ली. दुसरी मागितली! "हिच्या हातच्यागत हाय," म्हणाले.

मी आत जाऊन रडले. पुरणपोळीवर माणूस किती दिवस काढणार?

१९ मार्च

आज फार वाईट वागले.

किती समजावून, गोड बोलून डॉ. सुमैरांकडे नेलं. नवी नको तर नको, हिलाच आतून मऊ अस्तर भरून घेऊ. आप्पा तयार झाले. ती म्हणाली, "भरायला आधी जागा करावी लागेल. कडा थोड्या घासते." आणि यंत्र सुरू केलं. आप्पांनी खुर्चीतून झेप घेतली म्हणायची! तिच्या हातातून कवळी काढून घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली. "घासायची न्हाई." तिला म्हणाले. मग मला. "भरा, चिकटवा, काय बी करा. पर घासायची न्हाई!"

बाहेर रांगेत बसलेली माणसं बघत होती. मी रस्त्यात बोलले त्यांना. उपाशी मरायचंय का तुम्हाला? मला लोकांनी काय म्हणावं असं वाटतं? मुलगी घरी परत आली, बापाला नीट जेवूही घालत नाही, असं?

म्हणजे मला भीती कशाची होती? त्यांच्या उपाशी राहण्याची, का लोकांच्या म्हणण्याची? तोंडातून जे आधी आलं ते खरं असणार.

रिक्षात खिशावर हात धरून बसले होते.

२० मार्च

बोलत नाहीत. मीही.

३० मार्च

पाडवा. गुढी नाही. डॉ. सुमैरांचा फोन आला, आप्पांची चौकशी केली सणाच्या दिवशी. तिचीही ईद उद्यावर! मला लाज वाटली. ती म्हणाली, "ताई, घासत नाही. माप तरी घेऊ द्या. नवी करून ठेवू, घालायची तेव्हा घालतील." आप्पांना सांगितलं. मान हलवली. नाही.

६ एप्रिल

सदरे खांद्यावरून ओघळायला लागलेत. गाल बसल्यामुळे कवळी आता आणखी हलते. हलते म्हणून खाणं नको. खात नाहीत म्हणून गाल आणखी बसतात. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं चक्र डोळ्यांसमोर फिरतंय आणि त्याला हात घालायला मला जागाच सापडत नाही.

उजवीकडेही जखम. आरशासमोर उभे राहून स्वतःच बघत होते. मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कवळी बाहेर काढली, जखमेला बोट लावलं, आणि पुन्हा तीच बसवली. दाबून. डोळ्यांत पाणी आलं तरी दाबतच होते.

हे मला कळत नाही. दुखतंय म्हणून नवी नको, समजू शकते. म्हातारी माणसं भितात. पण दुखतंय तेच हवं?

११ एप्रिल

आज मनात आलं ते लिहू का? लिहिते. आप्पा मुद्दामच जात असावेत, आईच्या मागे. कवळीचं फक्त निमित्त.

आणि त्याच्याही खाली आणखी एक. गेले, तर रोजचं हे ताट तरी थांबेल. आलं मनात! क्षणभरच आलं, पण त्याआधीही कधीतरी आलं असेल, आज ओळखलं एवढंच. मला माझी दया येते की त्यांची, खरंच सांगता यायचं नाही.

१७ एप्रिल

ताक-भात. चार घास. कसल्याच गोष्टीला चव नाही म्हणाले. डॉ. सुमैरांनी सांगितलेला लेप लावते जखमांवर. लावून घेतात. तोंड उघडून माझ्याकडे बघत राहतात, काहीतरी सांगायचं असल्यासारखे. माझं बोट तोंडात असताना कसं सांगणार? बोट काढलं की तोंड बंद.

२९ एप्रिल

अवधूत आला साताऱ्याहून. उद्या अक्षय्य तृतीया, आईच्या नावानं पाणी ठेवायचं. दारातच आप्पांना बघून थबकला. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाला, "ताई, फोनवर एवढं कळलं नव्हतं गं." मी काही बोलले नाही. बोलले असते तर जिंकले असते, आणि ते आज नको होतं.

आप्पांसाठी काहीतरी आणलंय म्हणाला. उद्या दाखवणार. "बघून जेवायला लागतील बघ."

३० एप्रिल

फोटो आणलाय. आईचा. मोठा, सोनेरी चौकटीत.

त्या सकाळी मोबाइलवर घेतलेला तोच. साताऱ्याच्या स्टुडिओवाल्यानं संगणकावर आईचे डोळे उघडलेत! नाकातला कापूस काढला, मागे बाग घातली. कुंकू, नथ. आणि ते हसू, दात दिसणारं. आई पदराशिवाय हसतेय, आमच्याकडे बघून! अवधूतनं कापड बाजूला केलं तेव्हा मी "आई गं!" म्हटलं, मोठ्यानं. धोंडुबाईंनी हात जोडले. "जित्तं केलंसा की मावशीस्नी."

आप्पा बघत राहिले. जवळ गेले, अगदी काचेला नाक लागेपर्यंत. मग चष्मा काढून ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसले.

पाणी ठेवलं, नैवेद्य दाखवला. खीर केली होती, त्यांना सहज गिळता येईल अशी. घेतली नाही. अवधूतचा चेहरा एवढासा झाला. "भरून आलं असेल त्यांना," म्हणाला. मला तसं वाटलं नाही. भरून आलेला माणूस असा दिसत नाही. पकडल्यासारखे दिसत होते.

भिंतीवर लावलाय. जेवायच्या जागेसमोरच. तशीच आणखी एक प्रत त्याच्या साताऱ्याच्या घरासाठी केलीय.

१ मे

अवधूत सकाळच्या गाडीनं गेला. आप्पा ताटावर बसले, फोटोकडे पाठ करून. कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एवढीशी.

"ही तिची हाय, विनू. चष्मा नव्हता, वाटी चुकली. सांजच्याला तोंडात घातली तवा कळलं. तवर सगळं जळून गेल्तं." मग म्हणाले, "माझी तिला टोचली आसंल. मग हिची मी नगं सोसाया?"

उकळत्या पाण्याचं काही नव्हतं. बरं वाटायला हवं होतं.

"दाबा जरा." मीच म्हणाले होते.

आई हसत नव्हती. तिचे ओठ मिटत नव्हते.